मुकेशच्या हातात दुर्बीण

प्रेम नगर, झाशी
१२ एप्रिल २०२५

ती. बाबा,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? भुसावळचा उन्हाळा आणि आमचा उन्हाळा यांत कोण जास्त वाईट, यावर आपला वाद कधी मिटायचा नाही. इकडे लू सुरू झाली आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

पत्रच लिहिते आहे. फोनवर तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि शशिकांतच्या मोबाईलवर काही लिहिलं की तो तुमच्याआधी वाचतो. भाऊ झाला तरी प्रत्येक गोष्ट त्याने आधी वाचावी असं नाही.

प्रांजली त्रास देत नाही ना? ताटात भेंडी टाकते, तिकडे लक्ष देऊ नका. काल व्हिडिओवर म्हणाली, "मम्मी, आजोबा मला रोज स्टेशनवर नेतात, मला सगळ्या गाड्या माहीत हो गयी है." तिचं मराठी असंच आहे, अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरतं. तुमच्याजवळ राहून थोडं सुधारलं तर इथल्या मराठी मंडळात तरी भाव मिळेल. शाळेत अर्ज दिला आहे, त्यांची हरकत नाही. ऐन वर्षाच्या सुरुवातीला तिला का पाठवलं, असं तुम्ही विक्रमला विचारलंत म्हणे. आयसीयूत सध्या फार काम आहे, बाबा. विक्रमलाही वर्कशॉपातून लवकर सुटता येत नाही. पोर दिवसभर एकटी राहणार, त्यापेक्षा तुमच्याजवळ बरी.

मी वरच्या, छतावरच्या खोलीत झोपते आहे. तिथे वारा येतो. आईच्या हातची ती निळी सतरंजी वर नेली आहे. संध्याकाळी छतावर फेऱ्या मारते. यार्डात डबे एकमेकांना लागल्याचा आवाज इथवर येतो, अगदी इथल्याच आपल्या नगऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये यायचा तसा. तुम्ही आवाजावरून सांगायचात की रिकामी रेक आहे की भरलेली. मला कधीच ओळखता आलं नाही.

वाचायला घेतलं की दोन पानांपुढे मन लागत नाही. म्हणून तुमच्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर लिहिते. मी एम.डी.ला फुप्फुसं घेतली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, डोळे का नाही घेतलेस, स्वच्छ काम, रात्रीची झोप. मी म्हटलं, मार्कांत हेच बसत होतं. ते खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. नागपूरला देविका मॅडमनी पहिल्यांदा माझ्या हातात दुर्बीण दिली. नाकातून जाते ती, लांब, काळी, करंगळीपेक्षा बारीक. माणूस खाणीत काम करणारा होता. मी त्याच्या श्वासाचा मार्ग आतून पाहिला, बाबा. गुलाबी भिंती, त्यावर कोळशाचे काळे ठिपके, आणि पुढे वाट फुटते, पुन्हा फुटते, पुन्हा फुटते. मॅडम म्हणाल्या, पडद्याकडे बघ, पण बोटांचं ऐक. भिंतीला टेकलीस की बोटाला आधी कळतं. आणि खरंच कळलं. त्या दिवशी मी हॉस्टेलवर आले ती जेवलेच नाही, नुसती खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मला वाटलं, आता मला दुसरं काही करता येणार नाही.

पुण्याला पुढची वर्षं आयसीयूत गेली. तिथे श्वासाचं यंत्र लावायला शिकले. लावणं महिन्याभरात येतं. ते कधी काढायचं, हे अजून शिकते आहे. मग विक्रमची नोकरी झाशीत, म्हणून परत आले, असं सगळ्यांना सांगते. विक्रम तर कुठेही बदली घ्यायला तयार होता. मलाच यायचं होतं. इथे छातीचा डॉक्टर म्हणजे खोकल्याची बाटली लिहून देणारा, आणि त्यापलीकडे काही झालं की ग्वाल्हेर. अर्धे रस्त्यातच जात. आता जात नाहीत. आता डॉ. मुकेशही आहे हाताखाली. टहरौलीचा मुलगा, एम.डी. करून आला आहे. साधी दुर्बीण घालतो, पण घाबरट. मी नसले की दहा फोन करतो.

एक काम आहे. प्रांजलीचा छातीचा एक्स-रे काढून घ्या, शशिकांतच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे. शाळेला नव्या नियमाने लागतो आहे. रिपोर्ट मला पाठवायला सांगा, लगेच.

थांबते. विक्रम जेवण घेऊन वर आला आहे.

तुमची
बकुळ

&nbsp;

झाशी
९ मे २०२५

ती. बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. "शाळेला एक्स-रे लागत नाही, मी शाळेत फोन लावून घेतला. तुला काय झालं आहे?" शाळेतल्या बाई काय बोलल्या ते तुम्हाला ऐकू तरी आलं का, हा विचार करून मला आधी हसू आलं आणि मग बसवेना. छतावर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

मला टीबी झाला आहे.

लिहिलं. आता नीट ऐका. फुप्फुसाचा आहे, उजव्या बाजूला वर. साध्या औषधांना न जुमानणारा आहे, म्हणून वेगळ्या गोळ्या आहेत. पूर्वी अशा माणसाला दोन वर्षं इंजेक्शनं घ्यावी लागत, आता सहा महिने गोळ्या. मी अशा कितीतरी लोकांना बरं केलं आहे, त्यांची लग्नं झाली आहेत, त्यांना मुलं झाली आहेत. प्रांजलीचा आणि विक्रमचा एक्स-रे स्वच्छ आहे, रक्ताची तपासणीही ठीक आहे. तुम्हाला काळजीचं कारण नाही हे मी डॉक्टर म्हणून सांगते आहे.

कुणाकडून लागला ते कळणार नाही. आमच्या कामात माणसं तोंडासमोर खोकतात. मास्क असतो, पण नळी घालायची घाई असते तेव्हा मास्क सरकला आहे का ते कोण बघतं.

होळीच्या आधीपासून वजन उतरत होतं. मला वाटलं, धावपळ. संध्याकाळी अंग तापायचं, तेही धावपळीवर टाकलं. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं. शेवटी एकदा राउंड संपल्यावर मीच एक्स-रेच्या खोलीत जाऊन उभी राहिले. फोटो पडद्यावर आला तेव्हा मुकेश तिथेच होता. त्याने पाहिलं आणि मान खाली घातली. मी म्हटलं, "वाच. पेशंटचा वाचतोस तसा वाच."

त्याने वाचला. आवाज स्थिर ठेवून, नियमाने, बाजू, जागा, आकार. उजव्या बाजूला वर पोकळी आहे असं म्हणाला. शेवटी मी विचारलं, पुढे काय करशील? तो म्हणाला, "थुंकी तपासणार. आणि पेशंटला आजपासून वॉर्डात येऊ देणार नाही, मॅडम."

बरोबर बोलला. मी पर्स घेतली आणि मागच्या जिन्याने घरी आले. त्याच आठवड्यात प्रांजलीला विक्रमबरोबर गाडीत बसवलं. स्टेशनवर गेले नाही. तिला वाटलं मम्मी ड्यूटीवर आहे. व्हिडिओवर खोकला आला की मी आवाज बंद करते आणि नेटवर्क गेलं म्हणते. तिला इतक्यात सांगू नका.

तुम्हाला का कळवलं नाही हे तुम्ही विचाराल. आईच्या आजारपणात तुम्ही आठवडाभर चहावर राहिलात. एका वेळी एकच पेशंट बरा.

इकडे येऊ नका. तुमचं वय आणि तुमची साखर, दोन्ही या आजाराला आवडणारी आहेत. इथे मला काही कमी नाही. विक्रम पहाटे उठून वरण-भात लावतो, करपवतो, पुन्हा लावतो. खोली धुतली जाते, खिडक्या उघड्या असतात. फक्त मला बसवत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा आयसीयूत फोन करते. चार नंबरला ताप किती, सहा नंबरचं यंत्र किती कमी केलं. पहिले काही दिवस सिस्टर नीट सांगायच्या. आता म्हणतात, "सब ठीक है मॅडम, आप आराम करिए." सगळं ठीक असेल असा आयसीयू मी अजून पाहिलेला नाही. मी नसताना काय बिघडतं आहे ते मला कुणी सांगत नाही, आणि काहीच बिघडत नसेल तर तेही मला सहन होत नाही. हे तुम्हालाच लिहिते आहे.

रागावू नका. रागावलात तर कार्डावर लिहा, मोठ्या अक्षरात.

बकुळ

&nbsp;

झाशी
२६ जून २०२५

ती. बाबा,

घाईत लिहिते. थुंकी स्वच्छ आली, लागोपाठ दुसऱ्यांदा. म्हणजे आता माझ्यापासून कुणाला धोका नाही. ग्वाल्हेरचे डॉक्टर, जे माझे उपचार पाहतात, म्हणाले की ओ.पी.डी.त बसायला हरकत नाही, दुपारपर्यंत. बसायला लागले आहे. वजनही वाढतं आहे.

प्रांजलीला घेऊन येतो म्हणालात, पण घाई नको. औषधांचा कोर्स पूर्ण होऊ द्या. तिकडच्या शाळेत तिला बसू दिलं आहे तर हे सहा महिने तिथेच जाऊ देत. व्हिडिओवर रोज दिसतेच.

अक्षराबद्दल लिहिलंत. वरचं टेबल हलतं, त्यामुळे असं येतं. दुसरं काही नाही.

पाऊस झाला. उकाडा तसाच आहे.

बकुळ

&nbsp;

झाशी
३१ ऑगस्ट २०२५

ती. बाबा,

टेबल हलत नाही.

तुम्ही त्यानंतर दोन पत्रं पाठवलीत आणि दोन्हींत विचारलंत की आजार गेला असेल तर मुलीला घरी का आणत नाहीस. मी उत्तर दिलं नाही. आज देते, पण आधी बुधवारी काय झालं ते सांगते.

सकाळी ओ.पी.डी. चालू असताना आयसीयूतून मुकेशचा फोन आला. माधुरीबाई म्हणून एक शिक्षिका आहेत, पन्नाशीच्या, माझ्या जुन्या पेशंट. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता, त्यात डावं फुप्फुस आक्रसून निकामी झालं. उजव्या एकावर त्यांनी पंचवीस वर्षं शाळा केली. भाचीच्या साखरपुड्यात पान खाताना कुणीतरी काहीतरी बोललं, त्या हसल्या, आणि सुपारीचा तुकडा श्वासात गेला. तो बसला नेमका उजव्या बाजूला, ज्यावर त्या जगत होत्या.

मी गेले तेव्हा त्यांना नळी घातलेली होती, यंत्र लावलेलं होतं, आणि शंभर टक्के ऑक्सिजन देऊनही ओठ निळे होते. नवरा दाराशी उभा होता. तो मला म्हणाला, "डॉक्टर साहब, ग्वालियर ले जाएँ?" मी म्हटलं, वेळ नाही. सुपारी दुर्बिणीने इथेच काढायची. त्याने हात जोडले. त्याला वाटलं मी काढणार. सगळ्यांनाच वाटलं. सिस्टरनी माझ्या मापाचे हातमोजे काढून ठेवले होते.

मी हातमोजे घातले, दुर्बीण घेतली. तिच्या मुठीवर अंगठ्यासाठी एक खटका असतो, तो खाली दाबला की टोक वळतं. माझा अंगठा खटक्यावर आहे की बाजूला, ते मला कळेना. बघावं लागलं.

बाबा, जूनपासून हे चालू आहे. त्या गोळ्यांतली एक नसांना बाधते. आधी पायांची बोटं, मग हातांची. चुरचुर होते आणि मग काहीच होत नाही. कुर्त्याची बटणं विक्रम लावतो, त्याला सांगितलं नखं ठिसूळ झाली आहेत. चहाचा कप दोनदा सुटला. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी प्रत्येक वेळी विचारलं, मुंग्या येतात का, आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं. सांगितलं असतं तर गोळी कमी केली असती, आणि गोळी कमी केली तर आजार उलटेल अशी भीती. पण त्याहून खरी भीती वेगळी होती. हो म्हटलं की ते खरं होणार होतं.

आणि मी त्या बाईंच्या डोक्याशी उभी होते. पडद्यावर श्वासनलिका दिसत होती. डोळ्यांनी बघून मी कदाचित खाली उतरलेही असते. पण सुपारी ओली झाली की निसटते. ती पकडताना किती ओढायचं हे पडदा सांगत नाही. जरा जास्त झालं की ती फुटते, तुकडे खोल जातात, आणि त्या बाईंना दुसरं फुप्फुस नव्हतं.

मी दुर्बीण मुकेशकडे धरली. म्हटलं, "तू कर."

त्याने घेतली नाही. म्हणाला, "मॅडम, मैंने कभी निकाला नहीं है. आप हैं ना."

"मी आहे. मी तुझ्या मागे उभी आहे. घे."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. त्याने घेतली. त्याचे हात थरथरत होते, पण त्याला ते थरथरणं कळत होतं, बाबा, आणि मला त्याचा हेवा वाटला. त्या क्षणी, त्या बाई तशा पडलेल्या असताना, मला हेवा वाटला.

तो उतरला. सुपारी दिसली, तपकिरी, वाट पूर्ण बुजवून बसलेली. दुर्बिणीतून एक तारेची इवली टोपली पुढे जाते, ती सुपारीच्या पलीकडे नेऊन उघडायची आणि मागे घेताना मिटायची. पहिल्या वेळी सुपारी निसटली. ऑक्सिजन उतरत गेला, यंत्र ओरडायला लागलं, आणि त्याने दुर्बीण मागे घ्यायला सुरुवात केली. मी त्याच्या कोपराला हात लावला. म्हटलं, मागे येऊ नकोस, तिथेच थांब, पडदा बघू नकोस, बोटाला काय लागतं ते सांग. तो म्हणाला, कडक लागतंय, डावीकडे. मी म्हटलं, मग तिची कड आहे ती. टोपली तिच्या खालून ने. आता मीट. हळू. जड वाटलं का? तो म्हणाला, वाटलं. म्हटलं, आता सोडू नकोस, नळीसकट सगळं एकत्र बाहेर घे.

त्याने ओढलं. नळी, दुर्बीण, टोपली, सगळं एका दमात बाहेर आलं. मी दुसरी नळी घालायला पुढे सरकले आणि थांबले. तीही त्यानेच घातली. मग बाईंची उजवी छाती वर आली. इतका वेळ ती उचलत नव्हती, आणि ती उचलली. ओठांचा रंग परत यायला लागला. कोपऱ्यातल्या सिस्टर रडत होत्या. मुकेश टोपलीतल्या सुपारीकडे बघत होता, जणू ती त्याच्या ओळखीची होती.

नवऱ्याला त्यानेच जाऊन सांगितलं. मी दुर्बीण धुवायच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. थोड्या वेळाने तो तिथे आला आणि दार लावून म्हणाला, "मॅडम, आपने क्यों नहीं किया?" मी त्याला हातमोजा काढून हात दाखवला, जणू हातावर काही दिसणार होतं. सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला की हे आजच्या आज ग्वाल्हेरला कळवायचं, मी नाही कळवलं तर तो कळवणार. हा तोच मुकेश, जो दहा फोन करायचा.

कळवलं. त्यांनी फोनवर बरंच ऐकवलं, ऐकवायलाच हवं होतं. ती गोळी बंद केली आहे. बाकीची औषधं पूर्ण करायची; आजार उलटेल असं त्यांना वाटत नाही. हात सुधारतील का, हे त्यांना सांगता येत नाही. काहींचे वर्षभरात येतात, काहींचे येत नाहीत. हे वाक्य मी स्वतः किती जणांना म्हटलं आहे. ऐकायला ते फार वेगळं वाटतं.

संध्याकाळी विक्रमला सांगितलं. तो उठून गेला आणि माझ्या कुर्त्यांची बटणं काढून वेल्क्रोची पट्टी लावायला शेजारच्या शिंप्याकडे देऊन आला.

हॉस्पिटलला लिहून दिलं आहे की आजपासून दुर्बीण मुकेशच्या हातात राहील, मी त्याच्या मागे उभी राहीन. राउंड घेईन, यंत्र कधी काढायचं ते ठरवीन, ओ.पी.डी. बघीन. माणसं म्हणतात, मॅडम, हे काय कमी आहे? कमी नाही. पण काल त्याने एक साधी तपासणी केली आणि मी मागे हात बांधून उभी होते, तर माझी बोटं आपोआप हलत होती. मला जाणवलं नाही, सिस्टरनी सांगितलं. हे रोज असंच होणार असेल तर मला ते कसं जमेल, मला माहीत नाही. छतावरच्या फेऱ्या थांबलेल्या नाहीत.

माधुरीबाई शुक्रवारी यंत्रावरून निघाल्या. बोलायला लागल्यावर पहिलं वाक्य त्यांनी भाचीच्या सासरच्यांची माफी मागणारं काढलं.

आता प्रांजलीचं. मी तिला आणत नव्हते, कारण मला भीती वाटत होती. आजाराची नव्हे. तिचे केस किती मऊ आहेत हे मला माहीत आहे, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीच लागलं नाही, तर? व्हिडिओवर निदान तो प्रश्न येत नव्हता. एवढंच कारण होतं. पाचही महिने मी लेकराला या कारणासाठी लांब ठेवलं असं नाही, पहिले दोन आजारासाठी होते. पण नंतरचे या कारणासाठीच.

काल तिने व्हिडिओवर विचारलं, मम्मी, तुमची तबीयत ठीक आहे ना? मी नेटवर्क गेलं म्हटलं नाही. तिला टीबीचं सांगितलं आणि हातांचंही सांगितलं. ती म्हणाली, मग माझी वेणी आजोबा घालतील, त्यांना येते. तुम्हाला वेणी घालता येते हे मला माहीत नव्हतं, बाबा. आईची घालत होतात का?

तिला घेऊन या. खालचा बर्थ घ्या, जिन्यांची घाई करू नका, मी फलाटावर डब्यापाशी येईन. खालची मागची खोली विक्रमने तुमच्यासाठी झाडून ठेवली आहे, तिथे ऊन येतं आणि यार्डाचा आवाज तर तुम्हालाही ऐकू येईल.

परतीचं तिकीट मात्र काढू नका.

तुमची
बकुळ